उस्ताद, तुम्ही आधी मोजायला शिकवलंत

आदरणीय उस्ताद,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण गाडी दुरुस्त करायला शिकवण्याचा एक रुपयाही तुम्ही घेतला नाही, आणि नागपुरात सेकंड-हँड स्पोर्ट-टूरर (वेगाने लांब पल्ला गाठणारी मोटरसायकल) घेऊन पार्किंगमध्ये पाने पसरून बसणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. होंडाची सीबीआर २५०आर आपल्याकडे २०११ साली आली. आज बाजारात मिळणारी बहुतेक गाडी दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असते. २४९ सीसीचं, कुलंटवर (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर) थंड होणारं ते एका सिलिंडरचं इंजिन मुळात दमदार आहे. बिघाड सापडतो तो आधी कुणीतरी अंदाजाने केलेल्या कामात. हे तुमचंच निदान. नवीन पार्ट आणायला निघालेल्या प्रत्येकाला तुम्ही एकच विचारायचात, "काहून बदलवतोस? मोजलं का?"

सकाळी सेल्फ घेत नाही म्हणून लोक आधी बॅटरी आणतात. दोन महिन्यांनी तीही बसते आणि दोष बॅटरीच्या दुकानदाराला लागतो. तुम्ही साध्या मल्टीमीटरवर हा घोळ संपवला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावायची, कारण अर्धपोटी बॅटरीवर घेतलेलं पुढचं प्रत्येक माप फसवतं. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ दाबताना आकडा १० च्या बराच खाली कोसळला, तर ती आतून गेली. आकडा टिकला तर इंजिन चालू करून ५,००० आरपीएमला पुन्हा बघायचं. १३.८ ते १४.८ मिळाले की चार्जिंग ठीक. रेस दिली तरी १३ च्या पुढे सरकत नसेल तर वीज कुठेतरी अडते आहे. १५.५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे, आणि तशीच चालवली तर नवी बॅटरीही उकळून संपेल.

वीज अडते तेव्हा लोक थेट स्टेटर, म्हणजे इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल, काढायला निघतात. तुम्ही म्हणालात, इंजिनचं कव्हर उघडायची इतक्यात गरज नाही, बाहेर आलेल्या तीन पिवळ्या वायरी पुरेशा आहेत. त्यांचा कपलर (वायरींचा जोड) सोडवायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि चालू इंजिनवर पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तिन्ही जोड्या मोजायच्या. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि रेसबरोबर वाढायला हवेत. एखादी जोडी मागे राहिली तर एक फेज गेली. मग इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) बघायची. बीप वाजली तर कॉइलची तार जळून बॉडीला चिकटली, म्हणजे अर्थ झाली आहे. वायरींमधला रोध ओहमच्याही आत असतो, म्हणून मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून दिसणारे ०.२ किंवा ०.३ वजा करायचे, हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

आणि बहुतेक वेळा स्टेटरही चांगला निघतो. खरा चोर रेग्युलेटरचा कपलर असतो. प्लास्टिक तपकिरी झालेलं, पिनांवर हिरवट थर, एखादी पिन सैल. सैल पिनेवर रोध वाढतो, तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पिन आणखी सैल होते. डोळ्यांना दिसलं नाही तरी मीटर पकडतो: दिवे लावून ५,००० आरपीएमवर मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या लाल वायरीच्या पिनेवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी वीज वाटेतच जळते आहे. तसंच अर्थच्या, म्हणजे मायनसच्या बाजूने. या एका तपासणीने कितीतरी चांगले रेग्युलेटर भंगारात जाता जाता वाचले, त्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता उन्हाचं. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात कुलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलेल्या गाड्या आम्ही रोज बघतो. बोअरच्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पंपाचं सील खातो. तुम्ही सांगितलेलं माप निम्मं एथिलीन ग्लायकोल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा सरळ तयार मिसळलेला, अॅल्युमिनियम इंजिनसाठीचा कुलंट. झाकण गार इंजिनवरच उघडायचं. भरल्यावर इंजिन आयडलवर ठेवून गाडी डावी-उजवी हलवायची म्हणजे अडकलेली हवा वर येते. हवा राहिली तर कुलंट पुरेसा असूनही तापमान चढतं आणि माणूस विनाकारण थर्मोस्टॅट बदलतो.

व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी तापते पण अमरावती रोडला लागल्यावर थंड होते, तर कुलंटच्या आधी पंखा बघायचा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभीला पंख्याशिवाय कुणी नाही. फ्यूज, रिले, मग पंख्याच्या दोन वायरी थेट बॅटरीवर. फिरला तर मोटर चांगली, दोष पंखा चालू करणाऱ्या सर्किटमध्ये. उलट, हायवेवर वेगात तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत किडे आणि काळी माती भरली आहे, किंवा कुलंट फिरत नाही. जाळी मागून पुढे, पाण्याच्या साध्या धारेने धुवायची. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळ धरला की पातळ पाती आडवी होतात आणि वारा जायची वाटच बंद होते. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून कुलंट ठिबकला तर पंपाचं सील गेलं, ऑइल आलं तर आतलं ऑइल सील. गळती थांबावी म्हणून त्या भोकात एम-सील भरलेली गाडी तुम्ही दाखवलीत. भोक बुजलं की कुलंट इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल दुधाळ होतं. ते बघून पोटात गोळा आला होता.

पण सगळ्यात मोठं ऋण टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या जोडणीचं आहे. टॅपेट वाजतात म्हणून लोक गाडी आणतात आणि वाजत नाहीत म्हणून निर्धास्त राहतात. तुम्ही समजावलंत की वाजणारा टॅपेट ढिला असतो, त्याने आवाजापलीकडे लगेच मोठं नुकसान होत नाही. गप्प बसलेला घातक. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि त्याच्या व त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधला गॅप कमी होत जातो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, जळता वायू फटीतून निसटतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. सुरुवातीच्या खुणा म्हणजे गरम गाडी चटकन चालू न होणं, आयडल डगमगणं आणि चढावर पिकअप पडणं. त्यावर लोक इंजेक्टर धुवून घेतात.

या इंजिनात गॅप इनटेकला (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१६ मिमी आणि एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्याला) ०.२७ मिमी, दोन्हीला ०.०३ कमी-जास्तची सूट. माप घ्यायचं ते इंजिन ३५ अंशांच्या खाली असताना. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी सावलीत उभी गाडीसुद्धा ३५ च्या वर असते, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर. टाकी, एअर बॉक्स आणि हेड कव्हर काढून फ्लायव्हीलची 'टी' खूण जुळवायची, आणि कॅम स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेला समांतर आहेत ना, ते बघायचं. त्या जुळत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचा. गॅप मोजायच्या फिलर गेजचं पातं हलकं घासत जायला हवं. बळ लावून घातलं तर पातं वाकतं आणि माप खोटं येतं.

गॅप चुकला तर शिम, म्हणजे व्हॉल्व्हवरची छोटी चकती, बदलायचा. या इंजिनाची सोय अशी की रॉकर सरकवून शिम काढता येतो, कॅमशाफ्ट उतरवावा लागत नाही. हिशेब तुम्ही भिंतीवर खडूने लिहून दिला होता: नवा शिम म्हणजे जुना शिम अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. एक्झॉस्टला ०.२० मिळाला आणि जुना शिम १.८०० चा निघाला, तर १.८०० अधिक ०.२० वजा ०.२७, म्हणजे १.७३०. शिम ०.०२५ च्या टप्प्याने येतात, म्हणून १.७२५ घ्यायचा. गॅप ०.२७५ होतो, सुटीच्या आत. शिमवरचा छापील आकडा जुना झाला की पुसतो, म्हणून प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजायचा. आणि हेड उघडलं की सगळ्यात आधी टायमिंग चेनच्या खोबणीत स्वच्छ कापड कोंबायचं. शिम शर्टाच्या बटणापेक्षा लहान असतो, आत पडला तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. बसवल्यावर पान्याने हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजायचं. ही पायरी गाळायची नाही, यावर तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही. बरंच केलंत.

चेनबद्दल थोडक्यात, कारण ते आता सगळ्यांना पाठ झालंय. ५२० च्या चेनचे २० पिच (कड्या) ताणून मोजायचे, म्हणजे पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. नवीन असताना ३१७.५ मिमी. ३२० ओलांडलं की पैसे बाजूला ठेवायला लागायचं, ३२३ ला ती संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे, नाहीतर झिजलेले दात नवी चेन खातात. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनमधल्या रबरी ओ-रिंगचा घात करतात. ढील मोजताना मागचं चाक फिरवून सगळ्यात ताणलेली जागा शोधायची आणि तिथेच ढील बसवायचा.

ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, ताज्या सीलबंद बाटलीतलं. नव्याचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषली की तो १५५ च्या आसपास येतो. चिखलदऱ्याचा घाट उतरताना लिव्हर स्पंजासारखा का होतो, ते यातच आहे. फेअरिंगवर (गाडीच्या प्लास्टिकच्या अंगावर) थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी.

शॉकअपचं सील गळतं म्हणून आलेल्या अर्ध्या लोकांना तुम्ही सील न बदलता परत पाठवलंत. जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पातळ पट्टी सील आणि नळीच्या मधून फिरवली की अडकलेली काळी माती बाहेर येते. पुसायचं, आठवडाभर चालवायचं, तरीही गळलं तर मग सील.

पिवळा इंजिन लाइट लागला की स्कॅनर शोधत फिरणाऱ्यांसाठी तुमची ही गोष्ट खास लिहून ठेवतो. गाडी साइड स्टँडवर, किल्ली चालू, इंजिन बंद, आणि लाइटचे झपके मोजायचे. लांब झपका दहाचा, छोटा एकाचा. सात म्हणजे कुलंट टेंपरेचर सेन्सर, आठ थ्रॉटल पोझिशन, नऊ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, एक लांब आणि दोन छोटे म्हणजे बारा, इंजेक्टर. सेन्सर घ्यायच्या आधी त्याचा कपलर काढून वाळवायचा आणि पुन्हा घट्ट बसवायचा. गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी लागलेला लाइट बहुधा पाण्याचाच असतो.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायची, हेही तुमचंच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल्या हवेला जागा मिळते. जुन्या गाडीचे फ्युएल पाइप बोटांनी दाबून बघायचे. फुगलेले किंवा चिकट लागले तर त्याच दिवशी बदलायचे. खाली गरम एक्झॉस्ट आहे, तिथे उधारी नको.

फिल्टरसकट दीड लिटर ऑइल, १०डब्ल्यू-३०, जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा). कारचं ऑइल नाही, क्लच घसरतो. ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर आणि २४ न्यूटन-मीटर. अॅल्युमिनियमचे आटे गेलेले केस आम्ही तुमच्याकडे इतके पाहिले की टॉर्क रेंचशिवाय त्या बोल्टला हात लावायची हिंमत होत नाही.

फेअरिंगच्या स्क्रूंसाठी पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून त्यात भोकं पाडायची तुमची पद्धत आता आमच्या पार्किंगमध्ये कायमची झाली आहे. डावी बाजू, उजवी बाजू, टाकी, असे तीन पुठ्ठे भिंतीला टांगलेत. तुमच्या खडूच्या हिशेबावर यंदा रंग लागणार होता, तेवढा चौकोन आम्ही रंगाऱ्याला सोडायला लावला.

डिसेंबरमध्ये हेड पुन्हा उघडतोय. सकाळी सातला चहा तयार असेल. मायक्रोमीटर आमचा आहे आता, तुम्ही फक्त या.

तुमचे,
पार्किंगमधली पोरं, नागपूर