दहा थाऊ

उद्यमबाग, बेळगाव
गुरुवार रात्र

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. कोइमतूरच्या गाडीला पोतं देतोय, त्यात हे पत्र वरच ठेवलंय. क्लीनरला पैसे दिलेत, तू पुन्हा देऊ नकोस. कुंद्याचा डबा आईचा. हात धुऊन खा.

रविवारी जे बोललो ते आत्यासमोर बोलायला नको होतं, एवढंच मागे घेतो.

तू गेल्यावर सोमवारी सरफेस ग्राइंडरच्या ट्रेमध्ये पांढरट चिखल दिसला. त्या मशीनवर आपण ओतीव लोखंड, बीड, सोडून काही चढवत नाही. अॅल्युमिनियमनं चाक चोंदलं होतं. कल्लाप्पा काही बोलला नाही, डायमंड लावून चाकाचा वरचा थर काढत, ड्रेस करत बसला. मी त्याला विचारलं नाही. तुलाही विचारत नाही, इंजिनाचं हेड किती घासलंस ते.

पण हिशेब केलाच. 74 चा बोअर, 75.5 चा स्ट्रोक, एका सिलिंडरला 324.7 सीसी, चारांचे मिळून 1298. कॉम्प्रेशन साडेनऊला एक धरलं तर पिस्टनच्या वर जागा उरते 38.2 सीसी. दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, घेतलं की त्यातला जवळजवळ एक सीसी गेला, आणि साडेनऊचं झालं पावणेदहा. ऐकायला काहीच नाही. पण शर्यतीच्या तपासनिसांच्या टेबलावर हेड उलटं पडलं आणि वर भोकाची पर्स्पेक्स ठेवली, की ब्यूरेटमधून किती उतरलं तेवढंच बघतात. पोरगा कुणाचा, रात्री किती जागला, हे कोण विचारतंय?

टोयोटाची ती गोष्ट तूच जेवताना सांगितलीस. 1995 ची, रॅलीची. टर्बोच्या तोंडाशी हवा मोजकीच आत सोडणारा 34 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा, आणि त्यांनी तो असा बसवला की पाइप आवळला की तो मागे सरकून बाजूनं जास्तीची हवा जावी, आणि खोलायला घेतला की आपोआप जागेवर यावा. त्यांना वर्षभर बंदी झाली, हे तू शेवटी, घाईत सांगितलंस. आधीचं सगळं सांगताना तुझे डोळे चमकत होते. माझेही चमकले असतील, खोटं कशाला सांगू. कारागिरीच होती ती. त्या रात्री मला झोप आली नाही.

तुम्हा लोकांच्या रेसिंगच्या वर्गात जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, असा नियम ना? मग जे करता येतं तेवढंच इतकं करावं की समोरच्याला वाटावं यानं काहीतरी लपवलंय. कंपनीनं प्रत्येक मापाला जी सूट दिलीय तिच्या चांगल्या टोकाला प्रत्येक भाग न्यायचा. चारी पिस्टन एका वजनाचे. कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक वेगळं तोल, लहान वेगळं. रिंगचा गॅप फीलरनं प्रत्येक बोअरमध्ये बघ, एकात बघून चारांत घालू नकोस. होनिंग करताना वर जाड प्लेट बोल्टानं आवळून कर, कारण हेड आवळलं की बोअर थोडा वाकडा होतोच, तो तसाच वाकलेला असताना गोल करायचा. व्हॉल्व्हच्या सीटवर...

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. माफ कर. मी क्रँकचा माणूस, रेसिंगचं मला काय कळतंय.

तू चौथीत होतास. आक्कानं कॉलेजातून टाकाऊ ब्यूरेट आणली होती आणि तू सुटीभर दिसेल त्यात रॉकेल मोजत बसायचास. बाटलीचं टोपण, पणती, आजीची कुंकवाची डबी. काचेखाली बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचो, साक रे, पुरे. तू म्हणायचास, बाबा, बुडबुडा आहे की अजून.

आणखी एक लिहितो. आईला माहीत नाही. चोर्ला घाटात ट्रकचा क्रँक तुटला होता, तू तेव्हा दोन वर्षांचा. तो क्रँक मी ग्राइंड केलेला. माप अगदी बरोबर होतं. पण चाकाचा कोपरा झिजलेला, त्यामुळे जर्नलच्या, बेअरिंगमध्ये फिरतो त्या भागाच्या, कडेला गोलाईचा रेडियस उतरला नव्हता, काटकोनच राहिला होता. चाक ड्रेस करायला वीस मिनिटं लागली असती. मालक दारात उभा होता. तुटला तिसऱ्या फेरीला, बरोबर त्याच कोपऱ्यात. माणसाला काही झालं नाही, देवाची कृपा. तो मालक तुटका तुकडा घेऊन माझ्याकडेच आला, म्हणाला, माझंच चुकलं, माल जास्त भरला. मी त्याला चहा पाजला आणि ओव्हरलोडिंगवर भाषण दिलं.

तुकडा अजून कपाटात आहे, खालच्या खणात.

असो. पोत्यात शेडमधलं ते दुसरं हेड आहे. जुन्या मारुती एस्टीमचं, तू नको म्हणालेलास ते. सोमवारपासून रात्री तेच करत होतो. फेस पट्टी लावून बघितला, सपाट आहे, घासलेला नाही. व्हॉल्व्ह हातानं लॅप केलेत. चेंबर मोजले, पहिला आणि तिसरा अगदी सारखे, दुसरा 0.1 सीसीनं जास्त, चौथा 0.2 नं. चौथ्यात बुडबुडा होता का ते कळलं नाही, डोळे पूर्वीसारखे नाहीत. तू एकदा मोज.

बसवायचं की नाही ते तू बघ. मी शनिवारी फोन करणार नाही. आईला कर.

तुझे
बाबा

ता. क. ब्यूरेट पण पाठवलीय. तोटी गळते, ग्रीस लाव.