गिरणीचा पट्टा फिरला तेव्हा…

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्मचाऱ्यांचा कामातला उत्साह कसा वाढवावा, हा विषय निघाला की चर्चा हमखास वेतनवाढ, प्रोत्साहन भत्ता आणि हजेरीची शिस्त यांपाशी येऊन थांबते. वीजवितरणाच्या कामात तंत्रज्ञ म्हणून ३३ वर्षे काढल्यानंतर या चर्चेत एक बाजू सतत राहून जाते असे मला वाटते, आणि त्यासाठीच हे पत्र.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून जी पथके तिकडे गेली, त्यांपैकी एकात मी होतो. श्रीवर्धन परिसरात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या आणि तारा व खांब त्यांच्याखाली दबले होते, त्यामुळे आधी झाड कापायचे, मग तार मोकळी करायची आणि त्यानंतर कुठे नवा खांब उभा करायचा, असे काम चाले. वाडीच्या बोळात क्रेन शिरत नसे. तेव्हा दोरखंड लावून गावकरी आणि आम्ही मिळून खांब ओढत नेत होतो. वरून पाऊस, मुक्कामाला शाळेचा वर्ग आणि करोनाची धास्ती. एका वाडीत वीज यायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्या संध्याकाळी उपकेंद्राला परमिट (वीज बंद ठेवून काम करण्याची परवानगी) परत केले, फीडरमध्ये म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीत वीज सोडली गेली, रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) डीओ म्हणजे फ्यूज चढवले, आणि काही क्षणांतच पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरू लागल्याचा आवाज आला. पाहता पाहता गिरणीबाहेर डब्यांची रांग लागली. रात्री त्याच पिठाच्या गरम भाकऱ्या आमच्या मुक्कामी आल्या. पथकातला सर्वांत तरुण मुलगा आठवडाभर घरी जाण्याचा हट्ट धरून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या वाडीच्या कामाला तोच सर्वांच्या आधी तयार होऊन बसला होता.

पुढे गुडघ्याच्या दुखण्यामुळे मला तक्रारींच्या टेबलावर काम मिळाले. पगार वाढलेला, डोक्यावर पंखा, पावसात भिजणे नाही. पण संगणकावर तक्रार ‘बंद’ झाली की माझ्यापुरते ते प्रकरण संपे. त्या घरात पुढे काय झाले ते कधी कळत नसे. खांबावर असताना साप्ताहिक सुटी कधी येते इकडे माझे लक्ष नसायचे, टेबलावर आल्यावर मी दिवस मोजू लागलो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना, कामात अतिशय बरे आणि अतिशय वाईट वाटल्याचे प्रसंग सांगायला लावले होते. १९५९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष मला अनुभवाने पटतो. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक आणि कामाची जागा या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो, परंतु त्या चांगल्या झाल्याने तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते काम तडीस गेल्याचे पाहण्यातून, त्याची दखल घेतली जाण्यातून आणि अंगावर जबाबदारी असण्यातून.

मात्र या निष्कर्षाचा गैरवापरही सहज होतो, आणि तो मला मनापासून खटकतो. कंत्राटी कामगाराला वेळेवर पगार नाही, धड हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट नाही, आणि त्याच्यापुढे सेवाभावावर भाषण द्यायचे, हा त्याच्यावर अन्यायच आहे. समाधानाची गोष्ट बोलण्याआधी पोटाचा आणि जिवाचा प्रश्न सुटलाच पाहिजे.

तो सुटल्यावर जे करायचे त्याला फारसा खर्च नाही. ग्राहकाने दिलेला बरावाईट अभिप्राय कार्यालयातच न अडकता, ज्याने तार जोडली त्याच्यापर्यंत नावानिशी पोहोचावा. एका तंत्रज्ञाकडे एक भाग निदान काही वर्षे राहावा, म्हणजे कोणते रोहित्र कशाने जळते हे त्याला कळेल आणि ते जळू नये याची चिंताही त्यालाच वाटेल. नवा खांब कुठे रोवायचा, हे ठरवताना त्याच खांबावर उद्या चढणाऱ्याला आधी विचारावे. वीजच नव्हे, तर पाणीपुरवठा, एसटी, टपाल अशा प्रत्येक खात्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या एका तरी पथकात या गोष्टी वर्षभर करून पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वीज तंत्रज्ञ, कराड (जि. सातारा)