खिचडीवाल्या मावशीला, नववी-दहावीच्या पोरींकडून थँक्यू

मावशी,

तुला पत्र लिहून राहिली म्हटलं तर आधी तू हसशीलच, "मले काय पत्र लिहतं व" म्हणून. तुझ्या पोरीच्या मोबाइलवर पाठवते, ती वाचून दाखवेल. सगळ्यांना दिसेल असं इथे पण टाकते, कारण काटोलकडच्या आपल्या शाळेत खेड्यावरून येणाऱ्या नववी-दहावीच्या सगळ्या पोरींचं हे थँक्यू आहे, लिहायचं काम फक्त माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच असतो. आठवीत होतो तोवर आमचं नाव हजेरीत, माणशी 150 ग्रॅम तांदूळ आमच्याही नावाचा यायचा, कोरोनात शाळा बंद होती तेव्हा तर तोच तांदूळ आणि डाळ पिशवीत भरून घरी नेला होता. मग जूनच्या शेवटी शाळा उघडते (विदर्भात उन्हामुळे उशिराच), आपण नववीत बसतो आणि ताटली बंद. शाळा तीच, घंटा तीच, आणि खिचडीचा वास तर नेमका आमच्याच वर्गाच्या खिडकीतून आत कारण तुझं किचन शेड बरोबर मागे, मग भूमितीच्या तासाला डोकं काय चालणार. नववीतल्या पोरीला भूक लागत नाही हे कोणी ठरवलं काय माहीत, उलट तेव्हाच जास्त लागते.

डबा का नाही नेत होता असं इथे नागपुरात रूमवरच्या मैत्रिणी विचारतात. आता त्यांना काय सांगू. गावातून सकाळी एकच एसटी, ती चुकली की दिवस गेला. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे म्हणून पोरींना बारावीपर्यंत एसटी फुकट, आणि ते खरंच मोठं काम आहे, तो पास नसता तर आमच्यातल्या कितीतरी जणी सातवीनंतर घरीच बसल्या असत्या, पण पास फुकट असला तरी बस तिच्याच टायमाने येते ना. कापूस वेचणी सुरू झाली की आई उजाडायच्या आधी बाहेर, संत्र्याचा तोडा असला की बाबाही नाहीत, मग लहान्या भावाची तयारी, पाणी भरणं, झाडझूड, या सगळ्यात आपला डबा राहूनच जायचा. रात्रीची पोळी चहात बुडवून खाल्ली की थेट संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाही. आणि दहावीला एक्स्ट्रा क्लास, म्हणजे अजून लवकर निघा.

तू काही विचारलं नाहीस कधी, म्हणजे घरी काय करतात, डबा का नाही, असं काहीच नाही. मोठ्या सुट्टीत आम्ही नळावर उगाच पाणी पीत उभ्या राहायचो तेव्हा शेडमधून ओरडायची, "काऊन व, भांडे उचलाले या दोघीतिघी." आम्ही जायचो, खिचडीचं मोठं पातेलं म्हणजे गंज उचलू लागायचो, आणि मग तू म्हणायची, "उरलं हाये, फेकू काय मंग?" लहान पोरांचं सगळ्यांचं वाढून झाल्यावरच, आधी कधीच नाही, त्यात तू लई कडक होतीस. बाजाराच्या दिवशी हजेरी कमी असायची तेव्हा उरणं समजू शकते, पण रोज? सरांना चव दाखवून रजिस्टरवर सही घेतलेली खिचडी एकीकडे संपून गंज खरवडून झालेला असायचा आणि तुझ्या छोट्या डब्यात मात्र अंबाडीची भाजी आणि भाकर "उरलेली". शाळेच्या मेनूच्या बोर्डावर मटकी असायची, वाटाणा असायचा, अंबाडी तर मी कधी वाचली नाही! ती तू घरून आणायची हे आम्हाला कळत होतं मावशी, पण तू उरलं म्हणायची तर आम्हीही उरलं म्हणूनच खायचो, कारण तसं खाताना लाज वाटत नव्हती. मागावं नाही लागलं, एकदाही. मला वाटते याच गोष्टीचं सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचं आहे.

बाकी पण आहे. थंडीत ज्यांच्याकडे डबा असायचा त्यांचा डबा तू गॅसवर गरम करून द्यायची. एखादीचं पोट दुखत असलं तर पोत्यावर झोपवून बाईंना निरोप द्यायची. बोर्डाच्या पेपरच्या दिवसांत सगळं जग विचारे पेपर कसा गेला, तू विचारायची खाऊन गेली होती का.

आणि हे सगळं कशावर करायची? आम्ही नववीत होतो तेव्हा स्वयंपाकी मदतनीसचं मानधन महिन्याला 1500 रुपये होतं, 2023 मध्ये 2500 झालं. तेही वेळेवर येईल तर ना. त्या पैशात सकाळपासून तांदूळ निवडा, शिजवा, वाढा, भांडी घासा, शेड धुवा. मी इथे मेसला महिन्याचे जेवढे देते ते तुझ्या मानधनापेक्षा जास्त आहेत, आणि मेसवाल्याची भाजी तर तू शेडच्या बाहेर जाऊ दिली नसतीस.

परवा आपल्या बॅचच्या ग्रुपवर शाळेत सत्काराचा कार्यक्रम ठरला. यादी आली, हेडमास्तर, सगळे सर, सगळ्या बाई, लिपिक बाबू पण. तुझं नाव नव्हतं. मी म्हटलं मावशीचं टाका, तर एकजण म्हणतो त्या स्टाफमध्ये येत नाहीत ना. मग आम्ही पोरी जे सुटलो ग्रुपवर! रात्री अकरापर्यंत मेसेज. आता नाव आहे, आणि शाल-श्रीफळ नको, तुला चांगली नऊवारी घ्यायची ठरली आहे, वर्गणी सगळी पोरींनीच काढली. रंग कोणता पाहिजे ते तुझ्या पोरीला सांगून ठेव, नाहीतर आम्ही आपल्या मनाने नारंगी आणू आणि तू बोलशील.

अजून एक काम आहे. माझा लहान भाऊ, ज्याची तयारी करण्यात माझा डबा राहायचा तोच, आता येत्या जूनमध्ये नववीत जाईल. आठवीपर्यंत तुझ्याच हातचं खाऊन राहिला, पण पुढे तो मागणार नाही, भूक लागली तरी मैदानात बॉल मारत बसेल. त्याला पण आवाज दे भांडी उचलायला. आणि नुसता उचलायला नको, घासायला लाव, घरी एक कप धुत नाही तो.

तुझी,
शेवटच्या बाकावरची, दोन वेण्यावाली