गोळीचं काय ठरवलंस?

मिरज

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट पाहिला. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १७२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १९०, साखर काठावर. डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन जातीची गोळी, लिहून दिली, पण तू अजून आणलीच नाहीस, असं आई म्हणाली. फोनवर विचारलं की तू 'बघतो बाबा' म्हणून विषय बदलतोस. म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला व्हिडिओही बघितला. कोलेस्टेरॉल हे सगळं कंपन्यांचं कुभांड आहे म्हणे. कंपन्यांचे एमआर, म्हणजे औषधं खपवायला येणारे प्रतिनिधी, माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरला कोपर टेकून आयुष्यभर बोलत आलेत, त्यांचं कौतुक मला सांगू नकोस. पण स्टॅटिन काही कुणी खोलीत बसून रचलेली गोष्ट नाही. अकिरा एंडो या जपानी माणसाने १९७०च्या दशकात हजारो बुरश्या तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं. पुढे १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी. पाचेक वर्षांत गोळीवाल्यांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी भरले.

आता तू म्हणशील, ते आधीच आजारी होते, मी धडधाकट आहे. बरोबर आहे, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक आणि पक्षाघाताचा धोका सुमारे एक-पंचमांश कमी होतो. पण कशाचा एक-पंचमांश? ज्याचा दहा वर्षांतला धोका शंभरात दोन, त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. ज्यांचा पंधरा, तशा शंभरांतले तीन वाचतात. गोळी तीच, नफा वेगळा. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं एलडीएल १८० असून तो काही घेत नाही, हा तुझ्यासाठी पुरावा होत नाही.

तू हृदयविकाराचा धोका मोजणाऱ्या त्या अमेरिकन कॅल्क्युलेटरवर आकडे भरून 'लो रिस्क' काढून ठेवलंयस. एक्केचाळिसाव्या वर्षी ते बहुतेकांना तसंच सांगतं, कारण त्यात वयाला फार वजन आहे. आणि बापाला ५२ व्या वर्षी स्टेंट बसला का, हे ते विचारतच नाही. तुझे आजोबा पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेले, हेही नाही. आपल्याकडच्या लोकांना हा आजार पाश्चात्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, ते वेगळंच. हे सगळं धरून माझं मत गोळीच्या बाजूने झुकतं. दुसऱ्या कुणाचा मुलगा असतास तर कदाचित 'सहा महिने थांब' म्हणालो असतो.

आधी पथ्य करून बघायचं असेल तर जरूर कर, पण तारीख ठरवून. तीन महिने, मग पुन्हा लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी. कोलेस्टेरॉल बरंचसं लिव्हरच बनवतं, त्यामुळे खाण्यात बदल करून एलडीएल फार तर दहा-पंधरा टक्के हलतं. ट्रायग्लिसराइड मात्र रात्रीचा भात, गोड आणि शनिवारची बिअर कमी केलीस तर चांगलं उतरेल. आणि तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून खूश होऊ नकोस. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच!

गोळी सुरू करण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घे. थायरॉइड मंद असला तरी एलडीएल चढतं, मग आधी उपचार त्याचा. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच, पण आनुवंशिक असलेला घटक आयुष्यात एकदा तपासायचा असतो, तेही करून टाक. आपल्या घराण्यात ते असेल असा मला संशय आहे.

अंगदुखीला तू घाबरतोस. काहींना खरंच स्नायू दुखतात, मग डॉक्टर सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी बघतात, डोस कमी करतात, गोळी बदलतात. पण २०२० मध्ये लंडनच्या एका अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही, असं देऊन पाहिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. साखर किंचित वाढू शकते, हे मात्र खरं. तुझी काठावर आहे, म्हणून एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर, लक्ष ठेवावं लागेल.

दुकानात सगळ्यात जास्त दिसतं ते वेगळंच. माणूस दोन-तीन महिने स्ट्रिप नेतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि तो हसत सांगतो, "आता बंद केली, बरं झालं." अरे, आकडा गोळीमुळेच खाली आलाय! बंद केल्यावर काही आठवड्यांत तो होता तिथे जातो. सवय लागते म्हणतात ती हीच, दुसरी कुठली नाही. म्हणून घ्यायची असेल तर वर्षानुवर्षं घ्यायची तयारी ठेवूनच सुरू कर. महिनाभर घेऊन बघतो, असं असेल तर नकोच.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा माझी अँजिओप्लास्टीची फाइल घेऊन जा. फोटो काढून पाठवतोय. त्यांना घरचा इतिहास तू सांगितलाच नसशील, अशी माझी खात्री आहे.

आणि ताईलाही लिपिड करायला सांग. बाप तिचाही मीच आहे. मी सांगायला गेलो की ती म्हणते, "बाबा, तुमचं दुकान सुरू झालं."

तुझे,
बाबा