माझ्या हाडात काय बसवले आहे, ते मला सांगा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शस्त्रक्रियेत वापरले जाणारे अँकर, जाळ्या आणि तत्सम इम्प्लांट यांची उपलब्धता, किंमत आणि नोंद यांबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहे. गेल्या आठवड्यात, ज्या खाजगी रुग्णालयात माझ्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, तेथे मी माझ्या शरीरात बसवलेल्या वस्तूंची नोंद मागितली. "बिलात इम्प्लांट असे लिहिले आहे, त्याहून अधिक काही देता येणार नाही," एवढेच उत्तर मला मिळाले. त्या एका शब्दासमोर 66,000 रुपयांचा आकडा आहे. कंपनीचे नाव नाही, बॅच क्रमांक नाही, नग किती तेही नाही. तीन अँकर, म्हणजे हाडात बसवायचे छोटे स्क्रू, बसवले, हे मला डॉक्टरांच्या तोंडून कळले.

यंदाच्या हंगामात झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवताना पायाखालची फांदी मोडली. मी उजव्या हाताने वरची फांदी धरली आणि सगळ्या अंगाचा भार त्या एका खांद्यावर आला. हाड शाबूत राहिले, परंतु हात वर उचलणारा स्नायू ज्या कंडरेने हाडाला जोडलेला असतो, ती कंडरा हाडापासून सुटली. डॉक्टर याला रोटेटर कफची दुखापत म्हणतात. कंडरा एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा जाणकार हातांनी केलेली सोनोग्राफी लागते. मी प्रथम ज्या सरकारी रुग्णालयात गेलो, तेथे एक्स-रे पाहून "हाड मोडलेले नाही" असे सांगण्यात आले आणि वेदनाशामक गोळ्या देऊन मला घरी पाठवण्यात आले. पुढे बाहेरून एमआरआय करून मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा ही शस्त्रक्रिया येथे होत नाही, कारण अँकर येत नाहीत, असे समजले.

हा अँकर म्हणजे काय, ते मी आता जाणतो. साधारण पाच मिलिमीटर जाडीचा, टायटॅनियमचा किंवा विशिष्ट प्लास्टिकचा छोटा स्क्रू दंडाच्या हाडाच्या डोक्यात बसवतात; त्याच्या नेढ्यातून आलेले मजबूत धागे कंडरेतून ओवून गाठी मारतात, आणि कंडरा पुन्हा हाडाला चिकटेपर्यंत ती तेथे दाबून धरण्याचे काम हा स्क्रू आणि हे धागे करतात. टायटॅनियमचा अँकर पुढे आयुष्यभर हाडातच राहतो. काही प्रकार शरीरात हळूहळू विरघळतात. माझ्या हाडात यांपैकी काय आहे, हे मला कोणी लेखी दिलेले नाही.

महोदय, या दुखापतीत वेळ फार महत्त्वाचा असतो. सुटलेली कंडरा दिवसागणिक मागे ओढली जाते आणि तिच्या मागच्या स्नायूची जागा चरबी घेऊ लागते. एकदा ती घेतली की उत्तम शस्त्रक्रियेनेही जुनी ताकद परत येईलच असे नाही. माझे नेमके तेच झाले आहे. फोंडा घाटाच्या प्रत्येक वळणावर एसटीच्या खिडकीला खांदा आदळू नये म्हणून मी डाव्या हाताने उजवा हात उचलून धरत कोल्हापूर गाठले, तोवर कंडरा बरीच मागे गेलेली होती. "जरा आधी यायला हवे होते," असे तेथील सर्जन म्हणाले. आधी कोठे यायला हवे होते? मी तर पहिल्याच दिवशी सरकारच्या दारात उभा होतो.

आज मला सदऱ्याची बाही चढवायला पत्नीची मदत लागते. उताणे झोपता येत नाही, त्यामुळे रात्री भिंतीला टेकून बसून काढाव्या लागतात. ऐन हंगामात बाग नेपाळी गड्यांवर सोडावी लागली, अर्धा माल वेळेत उतरला नाही, आणि शस्त्रक्रियेच्या पैशांसाठी पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. आमच्या तालुक्यातील एका आरोग्य शिबिरात व्यासपीठावरून आम्हांला ठणकावून सांगण्यात आले होते की आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे कवच आहे, रेशनकार्डाचा रंग पाहिला जाणार नाही, कोणालाही खिशात हात घालावा लागणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्वांना लागू करण्याचा निर्णय 2023 साली झाला, हे खरेच आहे. मात्र माझे कार्ड पाहून आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाने, मान हलवली आणि येथे या शस्त्रक्रियेचे पॅकेज चालत नाही, असे सांगितले. जवळच्या रुग्णालयात सर्जनच्या हाती देण्यासाठी अँकरच नसेल, तर त्या पाच लाखांचा आम्ही काय उपयोग करावा?

हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. आमच्या बंदरावरील एक खलाशी, वर्षानुवर्षे मासेमारीची जाळी ओढून ज्याला हर्निया झाला, त्याला शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी "जाळी बाहेरून आणा" अशी चिठ्ठी देण्यात आली. पोटाच्या भिंतीला ठिगळासारखी लावायची हर्नियाची ही जाळी बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते, म्हणजे बोटीवरच्या दोरखंडासाठी जे प्लास्टिक वापरतात त्याच जातीची, फक्त वैद्यकीय प्रतीची आणि निर्जंतुक. औषधाच्या दुकानात त्याच्यापुढे दोन पाकिटे ठेवली गेली. दोन्हींच्या किमतींत तिपटीहून अधिक फरक होता. पोटाच्या भिंतीत कायमची राहणारी वस्तू त्याने कोणत्या ज्ञानावर निवडायची?

किमतीचा विषय केंद्राचा आहे, असे उत्तर मला मिळेल, हे मी गृहीत धरतो. तरीही ऐका. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या ठरवल्या. म्हणजे मनात आणले तर सरकारला हे करता येते. खांद्याचे अँकर, हर्नियाच्या जाळ्या, शस्त्रक्रियेचे स्टेपलर यांना तसे छत्र मिळालेले नाही. त्यांच्यासाठी नियम एवढाच, की छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. पहिल्या दिवशी ती किती छापावी, यावर बंधन नाही. मग रुग्णालय खरेदी कोणत्या दराने करते आणि आमच्याकडून छापील किंमत घेऊन मधले किती ठेवते, हे आम्हांला कसे कळणार? याच प्राधिकरणाने 2018 साली दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा सतराशे टक्क्यांच्याही वर गेलेला आढळला. कोकणातल्या रुग्णांची बिले अशी कधी कोणी तपासली आहेत का?

नोंदीबाबत तर राज्याला हात झटकताच येणार नाहीत. वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार अशा वस्तूच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापावी लागते. अँकरच्या पाकिटात सोलून चिकटवायचे लहान स्टिकर रुग्णाच्या कागदपत्रांसाठीच दिलेले असतात. ते माझ्या फाइलमध्ये नाही. 2010 साली एका कंपनीने खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा भारतातील कित्येक रुग्णांचा ठावठिकाणा लागत नव्हता. उद्या माझ्या बॅचमध्ये दोष निघाला, तर मला कोण शोधणार आणि कशाच्या आधारे? उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून आहे. पण ज्या रुग्णाला आपल्या अंगातील वस्तूचे नावही ठाऊक नाही, त्याने तेथे कळवायचे तरी काय?

कोकणात वैद्यकीय महाविद्यालयांच्या घोषणा झाल्या, पाट्या लागल्या. सिंधुदुर्गातील माणूस अजूनही दुखणे घेऊन गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात नाहीतर कोल्हापूरला निघतो; रत्नागिरीचा माणूस मुंबईची गाडी धरतो. आमची मुले पोटासाठी बाहेर गेली, आणि आता आमचे तुटलेले सांधेही जोडून घ्यायला आम्ही बाहेरच जायचे, ही व्यवस्था किती पिढ्या चालणार आहे? पावसात माणसे झाडावरून पडणार, बोटीवर घसरणार, हे येथे दरवर्षीचे आहे. त्याची तजवीज मे महिन्यात करता येत नाही का?

माझी मागणी स्पष्ट आहे. कोकणातील प्रत्येक जिल्ह्यात किमान एका सरकारी रुग्णालयात अँकर आणि हर्नियाच्या जाळ्या कायम साठ्यात ठेवा आणि ते वापरणारा सर्जन तेथे नेमा. योजनेत कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष होते, त्याची यादी मराठीतून दर्शनी भागात लावा. इम्प्लांटचे स्टिकर, नग आणि प्रत्येकाची किंमत बिलावर न देणाऱ्या रुग्णालयावर कारवाई करण्याचा आदेश काढा, आणि या वस्तूंची किंमत बांधण्यासाठी केंद्राला राज्याच्या वतीने पत्र लिहून ते प्रसिद्ध करा.

माझे बिल, एमआरआयचा अहवाल आणि रुग्णालयाकडे केलेल्या अर्जाची पोच यांच्या प्रती मी आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवत आहे. मला लेखी उत्तर हवे आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग