साडेआठचा फोन

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा बाबा म्हणाले, "आता चर्चमध्ये माझा काही उपयोग नाही. गुडघे टेकून प्रार्थनासुद्धा होत नाही." तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मुंबई मॅरेथॉन रविवारी असते, उपासना चुकते, म्हणून आई, तू नाराज होतीस. पण बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय, विश्वासाला धाव म्हणणारा, मला त्या ४२ किलोमीटरांत कळला. पहाटे सी-लिंकवर गार वारा होता, पाय आपोआप पडत होते. चर्चच्या तरुण संघात होते तेव्हाचा माझा विश्वास असाच होता. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे मात्र अंगातली साखर संपत येते, आणि नेमका तेव्हा परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. तिथे मी धावले नाही, बाबा. चालले. एक खांब, मग पुढचा खांब.

'धीराने धावावे' असं आपण वाचतो ना, त्यातल्या धीराला मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने. म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. वेगाचा त्यात संबंधच नाही.

बाळ गेलं, त्यानंतर दीड वर्ष मी चर्चची पायरी चढले नाही. देवावर राग होता. तुम्ही दोघांनी एकदाही उपदेश केला नाहीत. रोज रात्री साडेआठला फोन यायचा, बाबा प्रार्थना करायचे, मी 'आमेन'सुद्धा म्हणत नसे. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा यायचाच. मी परत आले ती त्या फोनांचं बोट धरून.

त्याच अध्यायातला 'साक्षीरूपी मेघ' म्हणजे कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे लोक, असं मला लहानपणी वाटायचं. ते तर स्वतः धाव पुरी केलेले लोक! आई, तू केडगावच्या पंडिता रमाबाईंबद्दल सांगायचीस. ऐकू येणं कमी झालेलं, १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या. तो शेवटचा चढ त्या कशा चढल्या असतील, याचा मी हल्ली फार विचार करते.

बाबा, खुर्चीत बसून प्रार्थना करा, पडल्या पडल्या करा. पण गेल्या आठवड्यात तीन रात्री फोन आला नाही. आज साडेआठला मी फोनजवळ बसून असेन, आमेन म्हणायला.

तुमची लेक