बार्शीजवळ सिद्ध झालेलं सोलापुरात कधी?

महोदय,

माझी मावशी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. अंगावरून जातंय हे तिनं सहा महिने कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरला होता.

या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो. हे दाखवणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचं ई-६ हे प्रथिन पेशीतल्या पी-५३ या राखणदाराचाच नाश घडवतं. ई-७ दुसऱ्या प्रथिनाचा, आरबीचा, लगाम सोडवतं. मग पेशी वाढतच सुटते. पण संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढा वेळ हाताशी होता, हेच मनाला लागून राहतं.

तपासणीचा भक्कम पुरावा तर आपल्या दारातला आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

विड्या जमा करायला बायका कारखान्यात येतातच. महापालिकेनं तपासणी तिथेच न्यावी. नमुना बाईला स्वतःही घेता येतो, त्यामुळे लाजेचा प्रश्नही बराच सुटेल. शाळकरी मुलींना लसही मिळावी.

– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर